थंडाव्याचा आवाज

डेस्कटॉप संगणकासाठी वेगळा कूलर घ्यायचा म्हटले की आपण सर्वप्रथम तक्त्यांकडे वळतो. एका बाजूला कूलरची नावे, समोर अंश सेल्सिअसचे आकडे, आणि ज्याने प्रोसेसर सर्वांत थंड ठेवला तो सर्वांत वर. असे तक्ते मी अनेक वर्षे मन लावून वाचत आले आहे आणि आजही वाचते. मात्र ज्या तक्त्यात प्रत्येक कूलरचा पंखा आपापल्या पूर्ण वेगाने फिरत होता, त्यावरून निवड करू नये, असे माझे ठाम मत झाले आहे. त्या एकाच आकड्यात दोन निराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: धातूची रचना किती चांगली आहे, आणि बनवणाऱ्याने पंखा किती जोरात फिरवायचे ठरवले आहे. पहिली गोष्ट विकत घ्यावी लागते. दुसरी आपल्याला बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन केव्हाही बदलता येते. म्हणून सर्व कूलर आवाजाच्या एकाच पातळीवर आणून मग तापमान मोजलेले तक्ते मला खरे तक्ते वाटतात. अशा तक्त्यांत पुष्कळदा क्रम उलटापालटा होतो. पूर्ण वेगात दिमाखाने वर असलेला एखादा कूलर मधल्या गर्दीत येऊन बसतो आणि शांतपणे फिरणारा, आकाराने मोठा आणि दिसायला साधा असा एखादा वर सरकतो.

हा आग्रह धरण्याला प्रोसेसरच्या बदललेल्या स्वभावाचेही कारण आहे. 1993 साली आलेल्या पहिल्या पेंटियम प्रोसेसरचा वीजवापर 15 वॉटच्या आसपास होता. इंटेलच्या कोअर आय 9-13900के या प्रोसेसरची मूळ मर्यादा 125 वॉट आणि कमाल मर्यादा 253 वॉट अशी नोंदवलेली आहे, तर एएमडीच्या रायझन 9 7950एक्सचा टीडीपी, म्हणजे उत्पादकाने नोंदवलेली उष्णतेची पातळी, 170 वॉट असली तरी सॉकेटमधून, म्हणजे मदरबोर्डवरच्या प्रोसेसर बसवण्याच्या खोबणीतून, तो 230 वॉटपर्यंत वीज ओढू शकतो. म्हणजे खोक्यावर छापलेला टीडीपी आणि भर कामाच्या वेळी प्रत्यक्ष बाहेर पडणारी उष्णता यांत मोठे अंतर असते. कूलरच्या खोक्यावरही असाच वॉटचा आकडा छापलेला असतो, परंतु तो ठरवण्याची सर्व उत्पादकांना बांधून ठेवणारी एकच पद्धत नाही. एकाचा 250 वॉटचा कूलर आणि दुसऱ्याचा 220 वॉटचा कूलर यांत पहिला श्रेष्ठ, असे त्या आकड्यांवरून म्हणता येत नाही. कूलर विकत घेताना त्या आकड्याकडे मी लक्षही देत नाही.

त्यातच आताचे प्रोसेसर स्वतःच तापमानाच्या मर्यादेपर्यंत जाऊन भिडतात. रायझन 7000 मालिका 2022 साली आली तेव्हा एएमडीने स्पष्ट सांगितले होते की, सर्व कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग, कामाला लागल्यावर 95 अंशांवर चालत राहणे हे या प्रोसेसरच्या रचनेतच गृहीत धरलेले आहे. थंडाव्याला जेवढी जागा मिळेल तेवढा वेग वाढवायचा आणि 95 ला जाऊन थांबायचे, असे त्याचे गणित असते. अशा प्रोसेसरवर चांगला कूलर बसवला तरी जड कामात तापमानाचा आकडा फारसा हलत नाही. थोडा वेग वाढतो, किंवा तोच वेग कमी आवाजात मिळतो. ज्याने केवळ अंशांकडे पाहून कूलर घेतला त्याला येथे फसल्यासारखे वाटते, आणि कूलर मात्र आपले काम चोख करत असतो.

अंशांचा हिशेब तरीही समजून घ्यावा, कारण तो सोपा आहे आणि बरेच भ्रम दूर करतो. कूलरची खरी ओळख म्हणजे त्याचा उष्णतारोध, अर्थात दर वॉटमागे तो खोलीच्या हवेपेक्षा किती अंश वर जातो. समजा, एका कूलरचा उष्णतारोध 0.20 आहे आणि दुसऱ्याचा 0.18. प्रोसेसर 200 वॉट उष्णता टाकत असेल तर दोघांत 4 अंशांचा फरक दिसेल, आणि तोच प्रोसेसर 65 वॉटवर काम करत असेल तर जेमतेम 1.3 अंशांचा. म्हणजे तक्त्यातला फरक हा कूलरइतकाच चाचणीसाठी वापरलेल्या प्रोसेसरचाही असतो. आपला प्रोसेसर मध्यम असेल आणि चाचणी सर्वांत तापट प्रोसेसरवर केलेली असेल, तर तिथे ठळक दिसणारे अंतर आपल्या टेबलावर विरून जाते. खोलीच्या हवेचेही तसेच आहे. हवा 20 अंशांवर असताना आणि 32 अंशांवर असताना घेतलेल्या मोजमापांत 12 अंशांची तफावत सरळ येऊन मिळते आणि त्यात कूलरचा काहीही दोष किंवा गुण नसतो. ज्या चाचणीत खोलीचे तापमान वजा केलेले नाही, ती मी बाजूला ठेवते.

या सगळ्या यंत्रणेत मला सर्वाधिक मोह पाडणारा भाग म्हणजे हीट पाइप. टॉवर कूलरच्या तळातून निघून वर पत्र्यांच्या थरांतून जाणाऱ्या, बहुधा 6 मिलिमीटर जाडीच्या या तांब्याच्या नळ्या बाहेरून भरीव कांबीसारख्या दिसतात. आत त्या जवळजवळ रिकाम्या असतात. थोडेसे पाणी, बाकी हवा काढून टाकलेली पोकळी आणि आतल्या भिंतीवर तांब्याच्या भुकटीचा भाजून घट्ट केलेला सच्छिद्र थर, एवढाच त्यांचा संसार. दाब कमी असल्यामुळे ते पाणी 100 अंशांची वाट न पाहता कितीतरी कमी तापमानाला वाफ होते, वाफ थंड टोकाकडे धावते, तिथे पत्र्यांना उष्णता देऊन पुन्हा पाणी होते आणि सच्छिद्र थरातून केशाकर्षणाने परत तळाशी येते. पंप नाही, हलणारा एकही भाग नाही. ही कल्पना जनरल मोटर्समधील रिचर्ड गॉगलर यांनी 1944 च्या पेटंटमध्ये मांडली होती, पण तिच्याकडे फारसे कोणी वळले नाही. 1963 मध्ये लॉस अलामोस येथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी अंतराळातील अणुऊर्जा यंत्रांसाठी ती स्वतंत्रपणे घडवली तेव्हा तिचा खरा प्रवास सुरू झाला. अंतराळयानासाठी केलेला हा विचार आज टेबलाखालच्या कॅबिनेटमध्ये मुकाट्याने राबतो आहे, याचे मला दर वेळी कौतुक वाटते. नळ्यांची स्थितीही महत्त्वाची असते. तापणारे टोक वर आणि पत्रे खाली अशी मांडणी झाली तर परतीच्या पाण्याला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध चढावे लागते आणि नळीची क्षमता घटते. नेहमीच्या उभ्या कॅबिनेटमध्ये नळ्या आडव्या राहत असल्यामुळे हा प्रश्न सहसा येत नाही.

नळ्या किती, हा जाहिरातीतला आवडता आकडा आहे. कूलर मास्टरचा हायपर 212 इव्हो चार नळ्यांचा, थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन 120 एसई सहा नळ्यांचा, त्याच घरचा फँटम स्पिरिट 120 एसई सात नळ्यांचा, आणि नॉक्टुआच्या एनएच-डी15 ची 2024 मधील दुसरी आवृत्ती आठ नळ्यांची. चारावरून सहावर गेल्याचा फायदा जाणवतो, विशेषतः त्यासोबत पत्र्यांचा एक टॉवर वाढून दोन होतात म्हणून. सहावरून सातवर किंवा आठवर गेल्याचा फायदा असतो, पण त्याची गोडी प्रोसेसरच्या वॉटवर अवलंबून राहते. कारण उष्णता मुळात निघते ती फार लहानशा जागेतून. रायझन 7000 मालिकेतील एका कोअर-तुकड्याचे, म्हणजे ज्यावर कोअर असतात त्या सिलिकॉनच्या तुकड्याचे, क्षेत्रफळ साधारण 70 चौरस मिलिमीटर, म्हणजे नखाएवढे. तेवढ्या जागेतून निघालेली उष्णता आधी प्रोसेसरच्या धातूच्या झाकणात, मग झाकण आणि कूलर यांच्यामधल्या उष्णतावाहक पेस्टमध्ये, मग कूलरच्या तळाच्या तांब्यात पसरायची असते. अरुंद दारातून गर्दी बाहेर पडत असेल तर समोरचे मैदान कितीही वाढवले तरी दारापाशी रेटारेटी होणारच. लहान आकाराचे, पण जोरकस प्रोसेसर मोठ्या कूलरखालीही तापलेले का दिसतात, याचे उत्तर इथे आहे. तिथे कूलर बदलून मिळणारे दोन-तीन अंश आणि कूलर किंचित सरकवून बसवल्याने मिळणारे दोन-तीन अंश यांचे मोल सारखेच असते. रायझनमध्ये ते तुकडे झाकणाच्या मध्यभागी नसून एका कडेकडे असतात, म्हणून नॉक्टुआने 2023 मध्ये कूलर थोडा खाली सरकवून बसवता येईल अशा पट्ट्याही काढल्या.

कूलर काढताना तळ आणि झाकण यांवर पेस्टचा जो ठसा राहतो, तो वाचायला शिकावे असे मी प्रत्येकाला सांगेन. आधी प्रोसेसरला थोडा वेळ काम देऊन पेस्ट मऊ करून घ्यावी, संगणक पूर्ण बंद करून स्क्रू सैल करावे आणि कूलर सरळ वर न ओढता हलकेच दोन्ही बाजूंना फिरवत सोडवावा. एएमडीच्या एएम4 सारख्या सॉकेटमध्ये सरळ ओढल्यास प्रोसेसर कूलरलाच चिकटून बाहेर येऊ शकतो आणि त्याच्या पिना वाकू शकतात. मग ठसा पाहावा. चांगल्या बसलेल्या कूलरखाली मध्यभागी पेस्ट इतकी पातळ असते की खालच्या धातूची झळाळी तिच्यातून दिसते, आणि कडांकडे ती दाट, राखाडी होत जाते. एका बाजूला जाड थर आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ कोरडा धातू असेल, तर स्क्रू आळीपाळीने न आवळता आधी एकीकडचे पूर्ण आवळले गेले होते, असे बहुधा समजावे. मध्येच एखादा पसरट, न दबलेला डाग असेल तर तिथे झाकण किंवा तळ खोलगट आहे. इंटेलच्या एलजीए 1700 सॉकेटमध्ये, जे 2021 मध्ये आले, लांबट प्रोसेसर मधोमध दाबला जातो आणि झाकणाला किंचित बाक येतो, हा डाग मी तिथेच प्रथम पाहिला. एनएच-डी15 ची दुसरी आवृत्ती तळाच्या तीन निरनिराळ्या फुगवट्यांत मिळते, ती या बाकाचाच विचार करून. एका मिलिमीटरच्या अंशात्मक भागासाठी तीन प्रकारचे तळ काढावेत, ही चिकाटी मला मनापासून आवडते. पेस्ट कोणती, हा प्रश्न त्या मानाने गौण आहे. नामांकित पेस्टांमधील फरक नीट बसवलेल्या कूलरखाली एक-दोन अंशांत संपतो.

आता आवाज. पंख्याचे गणित दयाळू आहे. वेग निम्मा केला की हवा साधारण निम्मी होते, पण आवाजाची पातळी 15 डेसिबलच्या आसपास उतरते, आणि 10 डेसिबल उतरले तरी कानाला आवाज निम्मा भासतो. सारख्याच आवाजाचे दोन पंखे एकत्र लावले तर पातळी केवळ 3 डेसिबलने चढते. म्हणजे एक पंखा जोरात पळवण्यापेक्षा दोन पंखे हळू फिरवणे कानाला सोसवते, आणि दोन टॉवरच्या कूलरची बाजू इथे भक्कम होते. एवढे विस्तीर्ण पत्रे असतील तर मंद हवाही पुरते. पण डेसिबलच्या आकड्यात न मावणारी गोष्ट म्हणजे आवाजाची जात. वाऱ्याचा एकसारखा सू-सू आवाज काही मिनिटांत मागे पडतो. त्यात एखादा बारीक सूर, बेअरिंगची खरखर किंवा ठरावीक वेगाला उमटणारी गुणगुण असेल तर मोजमापात तोच आकडा दाखवणारा पंखा असह्य होतो. यासाठी मी पंखा किमान वेगापासून कमाल वेगापर्यंत सावकाश चढवत नेते आणि कोणत्या वेगाला तो सूर धरतो ते ऐकते. तो वेग पुढे पंख्याच्या आलेखातून, म्हणजे कोणत्या तापमानाला किती वेग हे ठरवणाऱ्या सेटिंगमधून, टाळता येतो. नॉक्टुआच्या 2018 मधील एनएफ-ए12एक्स25 या पंख्याच्या पात्यांची टोके आणि चौकट यांच्यात केवळ अर्धा मिलिमीटर जागा ठेवलेली आहे, आणि पाती फिरता फिरता ताणली जाऊन चौकटीला घासू नयेत म्हणून मुद्दाम ताठ प्लॅस्टिक वापरलेले आहे. हातात घेऊन ती फट पाहिली की पंखा ही किती बारकाईने घडवण्याची वस्तू आहे, हे पटते.

मग निवड काय करावी? मध्यम प्रोसेसरसाठी चार नळ्यांचा, एका टॉवरचा कूलर पुरेसा आहे, आणि डीपकूलच्या एके400 सारख्या कूलरवर समाधान मानण्यात काहीही कमीपणा नाही. त्यापुढे दोन टॉवरचा गट येतो: पीअरलेस असॅसिन, डीपकूलचा एके620, बी क्वाएटचा डार्क रॉक प्रो 4, आणि 2014 पासून या गटाचे माप ठरलेला एनएच-डी15. समान आवाजावर मोजले तर हे सगळे एकमेकांच्या फार जवळ येतात. माझ्या दृष्टीने थर्मलराइटने या गटात मोठा बदल घडवला. जी कामगिरी पूर्वी केवळ महागड्या कूलरकडून मिळत असे, ती तिने सर्वांच्या आवाक्यात आणली. नॉक्टुआचा कूलर घेण्याचे कारण आज अंश हे नाही. त्याची बसवण्याची सुबक पद्धत, पंख्यांचा दर्जा आणि नवे सॉकेट आल्यावरही जुन्या कूलरसाठी जोडसाहित्य पुरवण्याचा शिरस्ता ही कारणे आहेत, आणि एकच कूलर तीन-चार संगणकांपर्यंत सोबत नेणाऱ्याला ती पुरेशी आहेत. पूर्णपणे बिनपंख्याचा कूलर हवा असेल तर 2021 मधील एनएच-पी1 आहे. जाड, दूरदूर बसवलेले पत्रे आणि कॅबिनेटमध्ये वर जाणारी हवा यांच्या भरवशावर तो चालतो, आणि सौम्य प्रोसेसर असेल तर शोभतो.

द्रवशीतन, म्हणजे पंप आणि रेडिएटर असलेला बंदिस्त कूलर, याबद्दल मी उत्साही नाही, तरी विरोधीही नाही. भरलेल्या द्रवात उष्णता साठवण्याची क्षमता मोठी असल्यामुळे तो सावकाश तापतो, आणि प्रोसेसरने क्षणभर उसळी मारली तरी पंखे लगेच ओरडत नाहीत. हा त्याचा गुण मला खरोखर हेवा वाटावा असा वाटतो. 200 वॉटच्या पुढे तासन् तास काम चालणार असेल तर 360 मिलिमीटरचा रेडिएटर दोन टॉवरच्या कूलरला मागे टाकतो. आर्क्टिकच्या लिक्विड फ्रीझर 3 मध्ये रेडिएटर नेहमीच्या 27 ऐवजी 38 मिलिमीटर जाडीचा आहे, आणि पंख्यांना कमी वेगात काम भागवता यावे म्हणून ही जाडी उपयोगी पडते. पण पंप ही झिजणारी वस्तू आहे, नळ्यांच्या रबरातून द्रव वर्षानुवर्षे किंचित किंचित उडून जातो आणि आत हवेचा बुडबुडा वाढतो. तो बुडबुडा पंपात अडकू नये म्हणून रेडिएटरचे वरचे टोक पंपापेक्षा उंच असलेच पाहिजे. ते खाली राहिले की पंप गुरगुरू लागतो. टॉवर कूलरमध्ये बिघडण्यासारखा पंखा तेवढा एक असतो, आणि तो तारेच्या दोन क्लिपांनी अडकवलेला असतो.

कूलर कॅबिनेटमध्ये मावेल का, हे मोजपट्टीने पाहावे. हायपर 212 इव्हो 159 मिलिमीटर उंच आहे, एनएच-डी15 165 मिलिमीटर, आणि बऱ्याच कॅबिनेटची मर्यादा याच आसपास असते. दुसरा पंखा रॅमवर येत असेल तर एनएच-डी15 खाली 32 मिलिमीटरच जागा उरते. पंखा वर सरकवला तर तेवढीच उंची वाढते, म्हणून दोन्ही मोजमापे एकत्र धरावीत. आणि कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला काचेची किंवा बंद पत्र्याची भिंत असेल तर आधी कॅबिनेटचा विचार करावा. कूलरला आतली गरम हवाच परत परत मिळत राहिली तर कोणताही तक्ता कामाला येत नाही.

कूलर बसल्यानंतरचे शेवटचे काम पुष्कळजण सोडून देतात, आणि मला तर तेच सर्वाधिक समाधान देते. मदरबोर्डवरचा मुळचा पंखा-आलेख अतिशय चंचल असतो. एखादे पान उघडले, प्रोसेसर सेकंदभर 75 अंशांवर गेला, की पंखा उसळतो आणि लगेच बसतो, आणि ही चढउतार सलग आवाजापेक्षा अधिक त्रासदायक असते. बायोसमध्ये पंख्याच्या प्रतिसादाला काही सेकंदांचा विलंब द्यावा, 70 अंशांपर्यंत वेग जवळजवळ सपाट ठेवावा आणि त्यापुढेच चढ द्यावा. त्यानंतर वीजमर्यादा पाहावी. रायझनमध्ये वीजवापर कमी ठेवणारा इको मोड आहे, इंटेलमध्ये दीर्घ आणि अल्पकालीन मर्यादा आपल्या हाताने ठरवता येतात. शेवटच्या काही टक्के वेगासाठी हे प्रोसेसर अवाच्या सवा वीज खातात. 7950एक्स 230 वॉटवरून 142 वॉटवर आणला तर कामाचा वेग थोडाच घटतो आणि उष्णता मात्र एक तृतीयांशाहून अधिक कमी होते. त्या 142 वॉटसाठी दोन टॉवरचा साधा कूलर, पंखे निम्म्या वेगावर ठेवूनही, अगदी निवांत पुरतो, आणि 360 मिलिमीटरच्या रेडिएटरचा प्रश्न मग उरतच नाही.